व्हिक्टोरियन शहरांची चित्रं घरात लावताना: जागा, छपाई, फ्रेम आणि खिळा

आमच्या ठाण्याच्या घरात हॉलमधून बेडरूमकडे जाणारा जेमतेम तीन फुटी पॅसेज आहे. तिथे लंडनच्या लडगेट हिल रस्त्याचं १८७२ सालचं चित्र लावलंय, गुस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकाराचं. आलेला पाहुणा हात धुवायला जाता जाता तिथे थबकतो आणि हळूहळू नाक काचेला टेकेल इतका जवळ जातो. रस्ता गच्च तुंबलाय. घोड्यांच्या बसगाड्या, मालाचे गाडे, टोप्याच टोप्या, गर्दीत अडकलेली शववाहिनी, खाली मेंढ्यांचा कळप, वरच्या पुलावरून धूर सोडत चाललेली आगगाडी आणि या सगळ्याच्या मागे सेंट पॉल कॅथिड्रलचा घुमट. मी रोज दहा वेळा तिथून जाते, तरी अजून एखादा चेहरा नव्याने सापडतो.

हेच चित्र आधी वर्षभर हॉलमध्ये सोफ्याच्या वर होतं. तिथे कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहिलं नाही, कारण सात-आठ फुटांवरून तो नुसता काळपट चौकोन दिसायचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे १८३७ ते १९०१ मधली, शहरांची बहुतेक छापील चित्रं हातात धरून, दिव्याशेजारी बसून बघण्यासाठी काढलेली होती. ती वाचायची चित्रं आहेत. जागा, फ्रेम, उंची, उजेड, सगळं या एका गोष्टीवरून ठरवलं की चुका फार कमी होतात.

आधी भिंत शोधा, मग चित्र

घरात अशी ठिकाणं हेरा जिथे माणूस भिंतीपासून हातभर अंतरावर उभा राहतो किंवा बसतो. पॅसेज, जिन्याचा वळसा, दाराजवळची चपला घालायची जागा, अभ्यासाच्या टेबलासमोरची भिंत, वाचायच्या खुर्चीची बाजू. लहान घरात अशा जागा जास्त असतात, आणि या चित्रांच्या बाबतीत तो फायदाच आहे.

नंतर नको त्या भिंती खोडा. पश्चिमेची, पाऊस झेलणारी बाहेरची भिंत नको. बाथरूमला लागून असलेली नको. फोडणीची वाफ पोचते ती तर नकोच. एखाद्या भिंतीबद्दल शंका असेल तर जुलैमध्ये तिच्यावर स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि दोन-तीन दिवसांनी काढा. फॉइलच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर ओल भिंतीतूनच येतेय. तिथे कागद लावायचा नाही, कितीही चांगली फ्रेम असली तरी. थेट ऊन येणारी भिंतही सोडा. उन्हाने रंग उडतात आणि कागद तपकिरी होतो. हे नुकसान भरून येत नाही.

कोणत्या प्रकारचं चित्र

सगळ्यात जास्त मिळतात ती लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापलेली चित्रं. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे साप्ताहिक १८४२ च्या मे महिन्यात सुरू झालं आणि ‘ग्राफिक’ १८६९ मध्ये. रेल्वे स्टेशनांची उद्घाटनं, बाजार, आगी, मिरवणुका, धुकं, सगळं त्यांत कोरून छापलं जाई. कोरायला बॉक्सवूड नावाचं घट्ट लाकूड लागे. त्या झाडाचा बुंधा बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे बोल्टने जोडून एक फळी करत. घाई असली की जोड सोडवून एकेक ठोकळा वेगवेगळ्या कारागिराला देत, कोरून झाले की पुन्हा जोडत. तुमच्याकडे असं मोठं चित्र आलं तर खिडकीपाशी नेऊन भिंगाने बघा. आकाशातून, घरांच्या भिंतींतून, कधी एखाद्याच्या टोपीतून केसासारखी पांढरी सरळ रेघ जाते. तो दोन ठोकळ्यांचा सांधा. त्या रेघेच्या दोन बाजूंना रेषांचा हातही किंचित वेगळा दिसतो. ही रेघ मला फार प्रिय आहे, आणि ती दिसायची असेल तर चित्र डोळ्यांच्या पातळीवर, जवळच हवं.

दोरेची लंडनची चित्रं याच लाकडी कोरीवकामातली आहेत. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी दोन सुचवीन. एक वर सांगितलेलं लडगेट हिल. दुसरं रेल्वेच्या कमानीखालून दिसणाऱ्या चाळवजा घरांच्या परसांचं, जिथे एकाला एक लागून असलेल्या इवल्या अंगणांत दोऱ्यांवर कपडे वाळताहेत. लोकलच्या दारात उभं राहून प्रवास केलेल्या माणसाला ते चित्र समजावून सांगावं लागत नाही.

रंग हवा असेल तर थॉमस शॉटर बॉइझची लंडनची शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, दृश्यं बघा, १८४२ ची. स्वच्छ आकाश, रुंद रस्ते, नीटस गाड्या. उजेडाच्या, हलक्या रंगाच्या खोलीत ती शोभतात. याच्या अगदी उलट जॉन अ‍ॅटकिन्सन ग्रिमशॉ (१८३६–१८९३). तो लीड्सचा. पावसाने ओला झालेला रस्ता, दुकानांच्या काचांतून सांडणारा पिवळा उजेड, धुक्यातला चंद्र, ग्लासगो आणि लिव्हरपूलच्या गोद्या. ही मुळात तैलचित्रं, त्यामुळे घरी येते ती नक्कलच, आणि ती जरा मोठी, म्हणजे ए-२ आकाराची चालते. सोफ्यामागे लावायचंच असेल तर ग्रिमशॉ लावा. त्याचा उजेड लांबूनही पोचतो.

‘फोटोक्रोम’ हा चौथा प्रकार. कृष्णधवल निगेटिव्हवरून चित्र शिळांवर उतरवायचं आणि प्रत्येक रंगाला वेगळी शिळा वापरून छापायचं. ही पद्धत १८८० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये निघाली. रंग अंदाजाने आणि वर्णनावरून भरलेले असत, म्हणून आकाश जरा जास्तच गुलाबी असतं. रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती ज्यांच्या आजीच्या घरात होती, त्यांना ही रंगांची जात लगेच ओळखू येईल. शिळेवरून एकावर एक रंग चढवण्याचं तंत्र दोन्हीकडे आहे. मूळ फोटोक्रोम लहान असतात, साधारण १६.५ × २२.५ सेंटिमीटर. चार-सहा एका ओळीत लावले की छान दिसतात, एकटा मात्र हरवतो.

छायाचित्रांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. थॉमस अ‍ॅननने १८६८ ते १८७१ मध्ये ग्लासगोच्या अंधाऱ्या बोळांचे फोटो काढले. १८६६ च्या कायद्याने ती वस्ती पाडायची ठरली होती आणि शहर सुधारणा ट्रस्टला त्याची नोंद हवी होती. एक्स्पोजर लांबलचक, त्यामुळे हललेली माणसं आणि वाऱ्यावरचे कपडे धुरकट झालेत, दगड तेवढे लख्ख आहेत. अतिशय सुंदर फोटो आहेत. पण ती खऱ्या माणसांची, खऱ्या दारिद्र्याची घरं आहेत. जेवणाच्या टेबलावर शोभेची वस्तू म्हणून मी ती लावणार नाही. माझ्याकडे एक आहे ते अभ्यासाच्या टेबलासमोर, एकटंच, खाली साल आणि बोळाचं नाव लिहिलेलं.

आणि मुंबई? ती तर या काळात घडलेली शहरं मोजायला बसलं तर पहिल्या ओळीत येते. १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर गॉथिक इमारती उभ्या राहिल्या. बोर्न अँड शेफर्ड आणि लाला दीनदयाळ यांच्या स्टुडिओंचे मुंबईचे फोटो मिळतात. मला सगळ्यात आवडतं ते अ‍ॅक्सल हेगचं व्हिक्टोरिया टर्मिनसचं १८७८ चं जलरंगचित्र. इमारत पुरी व्हायला त्यानंतर दहा वर्षं लागली. जे अजून उभंच नाही ते त्याने दगड-दगड रंगवून ठेवलंय. लंडनच्या दोन चित्रांशेजारी हे लावलं तर भिंतीवर आपोआप गप्पा सुरू होतात.

एका भिंतीवर एकच धागा ठेवा. एक शहर, किंवा एक विषय: स्टेशनं, बाजार, गोद्या, रात्र. लंडनची गर्दी, एडिंबरोचा किल्ला आणि मुंबईचा ट्रामरस्ता एकत्र कोंबले की हॉटेलच्या लॉबीसारखं वाटतं.

साल खरं आहे का ते चित्रातच बघा

विकणारे चित्राखाली मनाला येईल ते साल लिहितात. ताडून बघायला काही खुणा पुरतात. ट्रॅफल्गर चौकात नेल्सनच्या खांबापाशी सिंह असतील तर चित्र १८६७ नंतरचं. थेम्सकाठचा व्हिक्टोरिया एम्बँकमेंटचा बांध १८७० मध्ये खुला झाला. टेम्पल बारची कमान रस्त्यात उभी असेल तर १८७८ च्या आधीचं. पिकॅडिलीचा ‘इरॉस’ नावाचा पुतळा १८९३ चा, टॉवर ब्रिज १८९४ चा. टॉवर ब्रिज असलेलं ‘१८५० चं लंडन’ मला स्वतः दाखवलं गेलंय. मुंबईसाठी: फ्लोरा फाउंटन १८६४, क्रॉफर्ड मार्केट १८६९, घोड्याची ट्राम १८७४ पासून, राजाबाई टॉवर १८७८, महापालिकेची इमारत १८९३. मैदानावरून काढलेल्या फोटोत विद्यापीठाशेजारी टॉवर नसेल किंवा अर्धवट असेल तर साल तिथेच कळतं.

मूळ की नक्कल

साप्ताहिकांची मूळ पानं मिळतात आणि ती घेण्यात आनंद आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. लाल, निळ्या, पिवळ्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ती आजकालची ऑफसेट छपाई. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो. लाकडी ठोकळ्याच्या छपाईत तो नसतो, त्यामुळे तो नाही म्हणून नकली ठरवू नका. दोन पानी चित्राला मधोमध घडी आणि शिवणीची भोकं असणारच. तेही खरेपणाचं लक्षण. हाताने रंगवलेली साप्ताहिकाची चित्रं दिसली तर रंग बहुतेक वेळा नंतर विक्रीसाठी भरलेला असतो. रंग आवडला तर घ्या, पण ‘मूळ रंगीत’ म्हणून जास्त पैसे देऊ नका.

पॅसेज, जिना, मुलांची खोली यासाठी चांगली नक्कल पुरेशी आहे आणि मनाला घोरही नाही. फोटोक्रोमच्या मोठ्या फाइल्स अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर मोफत आहेत. येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट आणि लंडनचं वेलकम कलेक्शन इथेही शोधा. ब्रिटिश लायब्ररीने २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांहून जास्त चित्रं खुली केली.

छपाई

डाउनलोड केलेल्या फाइलचे पिक्सेल आधी बघा. ए-३ म्हणजे २९.७ × ४२ सेंटिमीटर. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला सुमारे ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. कोरीव रेषांच्या चित्राला यात सूट देऊ नका, नाहीतर रेषा एकमेकींत मिसळून राखाडी चिखल होतो. ग्रिमशॉसारख्या चित्राला २०० डीपीआय चालतो, म्हणजे ए-२ साठी साधारण ३३०७ × ४६७७. फाइल लहान असेल तर चित्र लहान छापा. छोटं आणि स्वच्छ चित्र जवळून बघायला केव्हाही चांगलं.

कागद मॅट, कॉटनचा, २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मागा आणि पिगमेंट शाईने छापून घ्या. ग्लॉसी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्रिंटवाला सवयीने कागदाचा पिवळेपणा काढून पांढराशुभ्र करतो, तसं करू नका असं आधीच सांगा. मूळ कागदाचा सायीसारखा रंगच त्या चित्राचा उजेड आहे. मोठी प्रत काढण्याआधी तळहाताएवढा एक तुकडा, शक्यतो गर्दीचा आणि सावलीचा, छापून घरी आणा आणि तुमच्याच भिंतीवर, तुमच्याच दिव्यात बघा.

माउंट आणि फ्रेम

इथे माझं एक खरं नुकसान झालं. भाच्याने लीड्सहून आणलेलं साप्ताहिकाचं मूळ पान मी फ्रेमवाल्याकडे दिलं आणि तोंडी काही सांगितलं नाही. त्याने ते नीट सपाट बसावं म्हणून फेविकॉलने हार्डबोर्डवर चिकटवलं. दोन पावसाळ्यांत हार्डबोर्डचा तपकिरी रंग पानात उतरला. आता ते पान सोडवता येत नाही.

म्हणून सूचना कागदावर लिहूनच द्या. मूळ चित्र कशालाही चिकटवायचं नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावायच्या आणि चित्र त्यांवर लोंबतं ठेवायचं, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी त्याला जागा राहते. चिकटपट्टी नको, कोणतीच. माउंट बोर्ड, म्हणजे चित्राभोवती दिसणारी जाड पुठ्ठ्याची चौकट, आणि मागचा बोर्ड अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेले. काच कागदाला टेकता कामा नये, माउंटच्या जाडीचं अंतर मध्ये हवंच. मागच्या बाजूला छापलेला मजकूर पुढे उमटून दिसत असेल तर चित्रामागे गडद अ‍ॅसिड-फ्री कागद ठेवा, अक्षरं बरीच दबतात.

माप असं काढा. समजा दिसणारं चित्र २२ रुंद आणि ३० उंच आहे. दोन्ही बाजूंना ७, वर ७ आणि खाली ८.५ सेंटिमीटर माउंट. खालची पट्टी जरा जास्त ठेवली नाही तर चित्र घसरल्यासारखं वाटतं. फ्रेमच्या आतलं माप झालं ३६ × ४५.५. मूळ चित्र असेल तर खालचं छापील नाव, साल आणि कारागिराची सही माउंटखाली झाकू नका. त्याभोवती अर्धा सेंटिमीटर कागद मोकळा दिसू द्या.

माउंटचा रंग कागदापेक्षा किंचित फिका, सायीसारखा. पांढराशुभ्र माउंट घेतला की दीडशे वर्षांचा कागद मळका दिसतो. फ्रेम काळी किंवा गडद सागवानी, पाऊण ते एक इंच. जुन्या खिडक्यांच्या सागाची पट्टी मिळाली तर उत्तम. सोनेरी नक्षीची जाड फ्रेम ‘व्हिक्टोरियन’ वाटते खरी, पण बारीक रेषांच्या चित्राला ती गिळते. मूळ चित्राला यूव्ही अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक घ्या, नकलेला साधी काच पुरते.

भिंतीचा रंग बदलणार असाल तर निस्तेज हिरवा, निळसर राखाडी किंवा विटकरी. या तिन्हींवर काळी शाई जिवंत होते.

खिळा कुठे

फ्रेमच्या आकाराचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. येता-जाता खटकलं तर सरकवा. दोन फ्रेममध्ये ५ ते ६ सेंटिमीटर अंतर ठेवा.

उभ्याने बघायच्या चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर ठेवा. आपल्याकडे चित्रं फार वर लावतात, देवाच्या तसबिरीच्या सवयीने. तिथे नमस्कार होतो, वाचन होत नाही. खुर्चीशेजारी लावायचं असेल तर मध्य ११५-१२० पर्यंत खाली घ्या. छिद्राची उंची अशी निघते: मध्याची उंची, अधिक फ्रेमची निम्मी उंची, वजा फ्रेममागच्या टांगायच्या, ताणलेल्या तारेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. समजा फ्रेम बाहेरून ४५.५ उंच आहे, तार वरून ६ खाली येते, तर १४५ + २२.७५ − ६, म्हणजे १६२ च्या जवळपास. भिंतीला ड्रिल करून प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू घाला. नुसता खिळा प्लास्टरमध्ये सैल होतो. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावा. चित्र सरळ राहतं आणि मागून हवा खेळते, ओल धरत नाही.

सोफ्यावर तीन लावायची असतील तर १८० च्या सोफ्याला १२० ची रुंदी बेताची: बाहेरून ३६ रुंद अशा तीन फ्रेम आणि मधली ६-६ ची दोन अंतरं. सोफ्याच्या पाठीपासून २० सेंटिमीटर वर त्यांची खालची कड घ्या.

उजेड

पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ही चित्रं मरतात. २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर एलईडी, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त, छताकडून तिरका पाडा म्हणजे काचेत दिवा दिसत नाही. मूळ कागदासाठी संग्रहालयं ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात. घरी मोजत बसायची गरज नाही, पण पॅसेजचा दिवा लागेल तेव्हाच लावा. लडगेट हिलच्या बाजूला मी हुकावर एक भिंगही टांगलंय. मुलं तेच आधी घेतात आणि मेंढ्या मोजतात.

पावसाळ्यानंतर

दसऱ्याच्या साफसफाईत प्रत्येक फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. काळे ठिपके म्हणजे बुरशी. कागदाच्या कडा खरवडल्यासारख्या असतील तर कसर लागलीय. मूळ चित्र असेल तर फ्रेम उघडा, पंख्याखाली नाही, सावलीत कोरड्या जागी दिवसभर ठेवा, आणि फ्रेमची मागची फट बंद करणारा ब्राऊन टेप नवा लावा. काच पुसताना फवारा कपड्यावर मारा. काचेवर मारला तर पाणी कडेने आत जाऊन माउंटवर डाग पाडतं. आणि फ्रेम उतरवलीच आहे तर मागच्या बोर्डावर मऊ शिसपेन्सिलने लिहून टाका: कोणता रस्ता, कोणतं साल, कुठून आणलं, कुणी दिलं.